धाकटीच्या दुसरीपर्यंत

मी एक जुना दरवाजा आहे. दरवाजा म्हटल्यावर, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभे राहिले असेल. बरोबर आहे, दरवाजे उभेच असतात. पण माझ्या आयुष्यातले सहा महिने मी आडवा होतो, दोन रिकाम्या पिंपांवर पाठ टेकून. त्या सहा महिन्यांची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. मध्ये थोडी बढाई मारीन, ती गोड मानून घ्या. दरवाजाला एरवी बोलायची संधी कुठे मिळते? फार तर कुरकुरता येते.

माझे लाकूड माझ्याहून म्हातारे आहे. एका पाडलेल्या गोदामाच्या फळ्या एका सुताराने विकत घेतल्या होत्या. त्यांतल्या पाच फळ्या म्हणजे मी. मला बनवून घेतले ते या घरातल्या आजोबांनी. आजोबा पोस्टमन होते. चाळीस वर्षे ते खांद्याला पिशवी लावून घरोघर फिरले. त्या ओझ्याने त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली गेला, तो अजून तसाच आहे. निवृत्त झाले त्याच आठवड्यात ते सुताराकडे गेले.

"दार कसं पाहिजे?" सुताराने विचारले.

"लागलं की लागलेलं राहील असं," आजोबा म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांची दारं ठोठावली. आता स्वतःचं दार लावून आत बसायचंय."

सुताराने मन लावून काम केले. साडेसहा फूट उंच, अडीच फूट रुंद, वरपासून खालपर्यंत सपाट, आणि सांधे इतके घट्ट की त्यांतून पोस्टकार्डसुद्धा आत सरकवता येणार नाही. घरात खोल्या दोनच. पुढच्या खोलीत स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे आणि भांडणे. मागच्या लहान खोलीत आजोबा. मधल्या चौकटीत मी. दुपारचे जेवण झाले की आजोबा मला लावून घेत, खुर्चीत बसत आणि एक मोठा सुस्कारा सोडत. तो सुस्कारा ऐकला की मला वाटे, आपला जन्म सार्थकी लागला.

मला एक जोडधंदाही होता. आजोबांना दोन नाती, थोरली आणि धाकटी. दर वर्षी शाळा सुरू झाली की आजोबा दोघींना माझ्या कडेला टाच टेकून उभे करत, डोक्यावर पाटी आडवी धरत आणि आपल्या निळ्या पेन्सिलीने रेघ ओढत. रेघेपुढे नाव आणि इयत्ता. थोरली – पहिली. थोरली – तिसरी. धाकटी – बालवाडी. धाकटी – दुसरी. फूट नाही, इंच नाही. आजोबा म्हणत, "पोरींची उंची आकड्यात काय मोजायची? पोरी म्हणजे काय कापड आहे?" हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे याच खुणांवर कापड मोजले गेले.

मुलींचे वडील ट्रकवर चालक होते. महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर. त्यांच्या एकट्याच्या कमाईत घर चालत होते, पण धापा टाकत चालत होते. मुलींच्या आईला आजोबा सूनबाई म्हणत, म्हणून मीही सूनबाईच म्हणतो. तिला गावाबाहेरच्या कारखान्यात डबे भरायचे काम मिळत होते. पण तिथली गाडी पहाटे निघे आणि दिवस मावळल्यावर परत येई. मुली शाळेतून येतील तेव्हा घरात आई नाही, हे काही तिला पटेना. आणि दुसरे काम सुचेना.

ते सुचले एका गळक्या नळामुळे. नळ दुरुस्त करायला नळवाला आला. त्याची हत्यारे सिमेंटच्या फाटक्या गोणीत होती. त्याने गोणी उलटी केली आणि सगळा पसारा फरशीवर ओतला. मग तो एक वायसर शोधत बसला. नळाचे काम पाच मिनिटांचे, वायसर शोधायला लागली वीस मिनिटे.

"ताई, माझं अर्धं आयुष्य शोधण्यात गेलं," तो म्हणाला. "उरलेलं गोणी शिवण्यात जाईल."

"चांगली पिशवी का घेत नाही?"

"मिळतात की. पण त्या शाळेच्या पोरांच्या. पान्याच्या वजनानं चार दिवसांत बूड गळून पडतं."

 नळवाला गेल्यावर सूनबाई बराच वेळ गॅलरीतल्या ढिगाकडे बघत होती. तो ढीग जुन्या ताडपत्र्यांचा होता. ट्रकवरची ताडपत्री कडेने फाटली की मालक टाकून देतो, आणि मुलींचे वडील ती घरी आणत. कडेने फाटलेली असली तरी मधला भाग शाबूत असे. तशीच माल आवळायच्या जुन्या पट्ट्यांचीही भेंडोळी होती. घरात सगळे त्या ढिगाला अडगळ म्हणत. सूनबाई त्या दिवसापासून त्याला माल म्हणू लागली.

शिलाई मशीनही असेच मिळाले. गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याला हल्ली सुईत दोरा दिसत नव्हता आणि मशीन कोपऱ्यात गंजत होते. "घेऊन जा," तो म्हणाला. "फक्त रोज चालवायचं आणि महिन्याला तेल द्यायचं. बसून राहिलं की माणूस काय नि मशीन काय, आखडतंच."

आता राहिले टेबल. ताडपत्री म्हणजे काही रुमाल नव्हे. ती फरशीवर पसरली की घरात पाय ठेवायला जागा उरत नसे, आणि गुडघ्यांवर रांगत कापताना रेघ हटकून वाकडी जाई. सूनबाई उठली, कंबर धरून मागे वळली आणि तिची नजर माझ्यावर पडली. ती नजर मला अजिबात आवडली नाही.

"बाबा, एक मागायचं होतं," ती आजोबांना म्हणाली.

"माग."

"दार."

आजोबांना वाटले, दार लावून घ्या असे सांगते आहे. त्यांनी मला ओढून घेतले आणि कडी घातली. सूनबाईला हसू आले. तिने बाहेरून मला ठोठावले.

"तसं नाही, बाबा. दार काढून पाहिजे. आडवं ठेवलं की टेबल होतं. सहा महिने मला हे करून बघू द्या. नाही जमलं तर त्याच दिवशी दार जागेवर आणि मी कारखान्यात."

आजोबा आत येरझाऱ्या घालू लागले. मी मनात म्हणालो, नाही म्हणा, आजोबा, ठामपणे नाही म्हणा. शेवटी कडी निघाली.

"सहा महिने," ते म्हणाले. "एक दिवस जास्त नाही."

अशा रीतीने मी आडवा झालो. मित्रांनो, मला फार वाईट वाटले, ते लपवून काय उपयोग? ज्याने ताठ उभे राहायचे तो पिंपांवर पडला, आणि माझ्या चौकटीत कोण आला? पडदा! वारा आला की नाचणारा, आतले बाहेर आणि बाहेरचे आत सांगणारा. दुपारी आजोबा पडदा सारत, खुर्चीत बसत, आणि पुढच्या खोलीतून मशीनची खडखड सरळ त्यांच्या कानात जाई. सुस्कारा काही ऐकू येईना. माझ्यापायी त्यांचे एवढेसे सुख गेले, हे मला डाचत होते.

पहिली पिशवी सूनबाईने चार दिवस खपून शिवली. दिसायला छान होती. आजोबांनी ती खांद्याला लावली, घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या आणि मान हलवली.

"ही बाजारात भाजी आणायला चांगली. ओझ्याची नाही. हिचं सगळं वजन एका टाक्यावर येतंय."

सूनबाईचा चेहरा पडला. आजोबा आत गेले आणि ट्रंकेतून आपली टपालाची जुनी पिशवी घेऊन आले. चाळीस वर्षांनी कामावरून उतरलेली ती पिशवी ते कुणाला हातही लावू देत नसत.

"उसव हिला," ते म्हणाले. "कशी शिवलीय ते बघ. पण होती तशी परत शिवून दे."

सूनबाईने एकेक टाका सोडवला. पिशवीचे सगळे भाग माझ्यावर पसरले, खडूने त्यांच्या रेघा काढल्या. पट्टा नुसता तोंडाशी जोडलेला नव्हता. तो दोन्ही बाजूंनी खाली उतरून बुडाखालून गेला होता, म्हणजे ओझे पट्ट्याने उचलायचे, टाक्याने नाही. संध्याकाळच्या आत तिने पिशवी होती तशी शिवून आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. एक टाकाही नवीन वाटत नव्हता.

दुसरी पिशवी नळवाल्याने नेली. आठ दिवसांनी तो आला तो सोबत एका वायरमनला घेऊन. वायरमनच्या मागोमाग गवंडी आला. सूनबाईची एक पद्धत होती. ती गिऱ्हाइकाला विचारत नसे, पिशवी केवढी पाहिजे. ती म्हणे, "तुमची हत्यारं या दारावर मांडा. जे आधी लागतं ते उजवीकडे." मग ती प्रत्येक हत्याराभोवती खडू फिरवी आणि तसा खिसा बेतून घेई. माझ्या अंगावर पाने, पकडी, थाप्या आणि ओळंबे उमटले. गवंड्याने तर आपला डबाही मांडला, म्हणाला, "आधी हाच लागतो." त्यालाही खिसा मिळाला. खिसे करायला नवे कापड आणायला नको म्हणून एके दिवशी तिने चौकटीतला पडदा उतरवला आणि कापला. त्या जागी जुनी चादर आली. पडद्याचे शेवटी खिसेच झाले, याचे मला दुःख झाले असे मी म्हणणार नाही.

मोजायला घरात टेप नव्हती असे नाही. पण थोरली ती कंपासपेटीत घालून शाळेत नेई. पट्टे कापताना सूनबाईला एकदा टेप सापडली नाही, म्हणून तिने पट्टा माझ्या कडेने पसरला. माझ्या तळापासून सुरुवात केली आणि जिथे खांद्याला नेमका बसेल असे वाटले तिथे पाहिले, तर निळी रेघ होती, धाकटी – दुसरी. बरोबर चार फूट. तेव्हापासून घरात मापाची भाषाच बदलली. उंच माणसाचा पट्टा थोरलीच्या तिसरीपर्यंत, बाकी सगळ्यांचा धाकटीच्या दुसरीपर्यंत. नळवाला येऊन खुशाल सांगे, "ताई, माझ्या साडूला एक द्या, तो धाकटीच्या दुसरीतला आहे." गल्लीतल्या नव्या भाडेकरूला वाटले, इथे रात्रशाळा चालते.

काम वाढले तशी सूनबाईची नणंद मदतीला येऊ लागली. मुलींची आत्या. वयाने मोठी, जिभेने तिखट, हाताने झपाट्याची. "वहिनी, तू बेत, मी रेटते," असे तिचे म्हणणे. ती खरोखर रेटत असे.

सहावा महिना लागला आणि नळवाल्याच्या ओळखीने एक ठेकेदार आला. त्याच्याकडे पाइप टाकणारे चाळीस कामगार होते. त्याला चाळीस पिशव्या हव्या होत्या, बारा दिवसांत. "माल बरा निघाला तर दर वर्षी घेईन," तो म्हणाला. सूनबाईच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा कारखान्याची गाडी दिसली नाही. जपून ठेवलेला पट्टा तिने मोजला. मुलींचे वडील नुकतेच घरी येऊन गेले होते आणि आता तीन आठवडे येणार नव्हते. पट्टा चाळिसांना पुरेल एवढाच होता, वर वीतभर शिल्लक.

आता नीट ऐका. मुलींचे वडील त्या खेपेला घरी होते तेव्हा त्यांना वाटले, बायकोला खिडकीचा उजेड नीट मिळत नाही. म्हणून त्यांनी मला उचलले, गरकन फिरवले आणि पुन्हा पिंपांवर ठेवले. माझा तळ होता तिथे माथा गेला आणि माथ्याच्या जागी तळ आला. काम प्रेमाचे होते, पण सांगायचे राहून गेले. सूनबाईच्या ते लक्षात आले होते, कारण रोजचा हात होता. आत्याच्या नाही.

सगळ्या पिशव्यांचे अंग शिवून झाले आणि सूनबाईच्या माहेरून निरोप आला, आई आजारी आहे. तिला दोन दिवस जाणे भाग होते.

"वन्सं, पट्टे तेवढे कापून ठेवाल का?" ती निघता निघता म्हणाली. "उजव्या टोकापासून धाकटीच्या दुसरीपर्यंत."

बोलण्यात चूक नव्हती. पाच महिन्यांची सवय बोलली होती. माझे उजवे टोक आता माझा माथा होता. आणि माथ्यापासून धाकटीच्या दुसरीपर्यंत किती, ते तुम्ही करा पाहू वजाबाकी. साडेसहातून चार गेले, राहिले अडीच फूट.

आत्या पट्टा पसरू लागली तेव्हा मी ओरडलो. म्हणजे, मला जेवढे ओरडता येते तेवढे. पिंपावर जरा कुरकुरलो. "हे दार फार कटकट करतं बाई," असे म्हणून तिने माझ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. चाळीस पट्टे कापून झाले आणि तरी भेंडोळे उरले. तिथे तरी तिला शंका यावी! पण ती खूश झाली. "बघा बाबा, वहिनी म्हणत होती पुरणार नाही. मी काटकसरीनं कापलं, तर उरला की!" उरलेल्या पट्ट्याच्या तिने पिशव्यांना वरून धरायला मुठी केल्या. वहिनी यायच्या आत काम संपवायचे म्हणून दोन दिवसांत चाळीसही पट्टे बुडाखालून घेऊन पक्के शिवून टाकले. दुहेरी शिलाई. शिलाईला नाव ठेवायला जागा नव्हती.

सूनबाई आली. तिने वरची पिशवी उचलून खांद्याला लावली. पिशवी काखेत अडकली. तिने दुसरी लावली, तिसरी लावली. मग ती माझ्याजवळ आली आणि तिने उजव्या टोकापासून निळ्या रेघेपर्यंत वीत टाकत मोजले. सगळ्यांना कळले. आत्या मटकन खाली बसली.

"मी नुसतं एकदा खांद्याला लावून बघितलं असतं तर..." ती रडू लागली. "दार फिरवलंय हे कुणी सांगितलं असतं तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," आजोबा सवयीने म्हणाले. धाकटीने समोरच्या खऱ्याखुऱ्या आत्याच्या ओठांकडे पाहिले आणि फिस्सकन हसली. आत्यालाही रडता रडता हसू आले. पण सूनबाई हसली नाही. तोडलेला पट्टा जोडता येतो, पण जोडलेला पट्टा पान्यांच्या ओझ्याला टिकत नाही, आणि तसला माल द्यायला ती तयार नव्हती. नवा पट्टा यायला अजून दोन आठवडे. ठेकेदार चार दिवसांनी. ती माझ्या काठावर बसली आणि तोंड झाकून रडली. सहा महिन्यांत ती माझ्यावर बसली ती तेवढीच. तिचे वजन मला मुळीच जाणवले नाही, पण एवढे जड मला दुसरे काही वाटलेले नाही.

"दार लावून टाकू, बाबा," ती म्हणाली. "उगीच तुमचे हाल केले."

 आजोबा एक पिशवी उचलून उलटीसुलटी करत होते. मग त्यांनी ती खांद्याऐवजी कमरेला धरली. पट्ट्याचा फास अंगाभोवती जाईना.

"सूनबाई, डोळे पूस आणि एका बाजूचा पट्टा वरून काप."

"आणखी कापू?"

"काप तर. शेवटची तीन वर्षं माझा खांदा साथ देत नव्हता. मी पिशवी कमरेला आवळून टपाल वाटलं. साहेबांना आवडायचं नाही, म्हणायचे, हे काय ध्यान! पण मला दोन्ही हात मोकळे मिळायचे. एका हातात पत्र, दुसऱ्यानं दार ठोठावायचं."

सूनबाईने पट्टा कापला. आता दोन टोके अडकवायची कशाने? बक्कल आणायला हाताशी पैसे नव्हते. पण ताडपत्रीच्या फाटक्या कडा गॅलरीत पडून होत्या, आणि त्या कडांना दोर ओवायच्या लोखंडी कड्या होत्या. तिने दोन कड्या काढून एका टोकाला शिवल्या. दुसरे टोक त्यांतून घालून मागे ओढले की पट्टा कसला जाई आणि सुटत नसे. नळवाल्याला बोलावले. त्याने ती कमरेला बांधली, हत्यारे भरली, स्टुलावर चढला, दोन्ही हात वर केले, वाकला, उकिडवा बसला.

"ताई," तो म्हणाला, "मी इतकी वर्षं एका हातानं शिडी धरून दुसऱ्यानं पिशवी सावरत होतो. आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

उरलेले चार दिवस घरात उत्साहाचा नुसता कल्लोळ होता. आत्याने एकटीने सत्तर कड्या काढल्या आणि तिची जीभ त्या चार दिवसांत फारशी चालली नाही.

तुम्हाला वाटेल, ठेकेदार आला आणि त्याने शाबासकी दिली. नाही. ठेकेदार आला आणि कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. "मी खांद्याची सांगितली, तुम्ही कमरेची देताय. उद्या मी नळ मागवला आणि दुकानदारानं बादली दिली तर?" त्याचे म्हणणे चूक नव्हते. सूनबाईनेही खोटी सारवासारव केली नाही. चूक कशी झाली ते तिने जसेच्या तसे सांगितले. त्याने पंधरा नेल्या, बघतो म्हणाला. पंचवीस पिशव्या माझ्या अंगावर तशाच पडून राहिल्या आणि सहा महिने पुरे व्हायला सतरा दिवस उरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी बूट घातले. बारा वर्षांत ते सकाळी बूट घालून बाहेर पडले नव्हते.

"कुठं निघालात, बाबा?"

"वाटायला," आजोबा म्हणाले. त्यांनी एक पिशवी स्वतःच्या कमरेला बांधली, आठ टपालाच्या जुन्या पिशवीत भरल्या आणि ते निघाले. ज्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दार लावून बसणे, ते आजोबा पुन्हा दारोदार निघाले. कामाच्या शोधात कारागीर सकाळी जिथे उभे राहतात त्या चौकात गेले. बांधकामांवर गेले, गॅरेजमध्ये गेले. तोंडाने माल विकणे त्यांना जमत नव्हते. ते फक्त म्हणत, "बांधून बघ. कामाला लाग. दुपारी येतो." दुपारी परत जात, तेव्हा पिशवी सोडून द्यायला कोणी तयार नसे. चौथ्या दिवशी पंचवीसही पिशव्या संपवून ते रिकाम्या हातांनी परत आले. दमले होते, पण खुर्चीत बसायच्या आधी माझ्यापाशी थांबले आणि माझ्यावर हात ठेवून सूनबाईला म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांचं वाटलं. घरचं असं हे पहिल्यांदाच वाटलं."

त्याच आठवड्यात ठेकेदाराचा माणूस आला. उरलेल्या पंचवीस हव्या होत्या. त्या आता नव्हत्याच. सूनबाई म्हणाली, "तीन आठवडे थांबावं लागेल." आणि तो थांबला.

सहा महिने पुरे झाले त्या दिवशी सकाळी सुतार दारात हजर होता. सूनबाईने आधीच सांगून ठेवले होते. आदल्या दिवशी एका बंद झालेल्या वाचनालयातले लांब टेबल तिने आणले होते. आजोबा म्हणत राहिले, "अगं, राहू दे. चादर काही वाईट नाही." पण तिने ऐकले नाही. "शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. सुताराने मला उचलले, बिजागऱ्या पुसल्या, चौकटीत टांगले. सहा महिन्यांनी मला पुन्हा फरशी पायांखाली दिसली. माझ्या अंगावर कात्रीचे ओरखडे होते, पान्यांच्या आणि थाप्यांच्या रेघा होत्या. सुतार म्हणाला, "रंगाचा एक हात मारतो, नवं दिसेल."

"तेवढी कड सोडून मारा," सूनबाई, आत्या आणि धाकटी एकदम म्हणाल्या.

त्या दुपारी आजोबांनी मला लावले, कडी घातली आणि खुर्चीत बसले. मी सुस्काऱ्याची वाट बघू लागलो. पलीकडून मशीनचा आवाज येत होता, पण आता माझ्यातून गाळून, अगदी हलका. आजोबा बसून राहिले. उठले, परत बसले. मग त्यांनी खुर्ची ओढून माझ्या जवळ आणली. सुस्कारा काही आला नाही. त्यांना हवे ते मिळाले होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

तेवढ्यात बाहेरून टकटक झाली.

"कोण आहे?" आजोबांनी विचारले.

बाहेर आत्या पट्टा घेऊन उभी होती. कमरेच्या पिशवीचे माप आता ठरले होते, माथ्यापासून धाकटीच्या दुसरीपर्यंत. ती चूकच आता माप झाली होती. आणि ते माप नव्या टेबलावर नव्हते, माझ्यावर होते. पण आत्याने उत्तर द्यायच्या आधी धाकटी तिच्या मागून ओरडली, "टपाल!"

आजोबांनी चष्मा लावला, शर्ट सारखा केला आणि दार उघडले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या दारात ही हाक दिली होती. त्यांच्या स्वतःच्या दारात ती कुणी दिली नव्हती. त्यांनी पट्ट्याचे एक टोक माझ्या माथ्याशी धरले, आत्याने दुसरे खाली ओढले, आणि आजोबांनी निळ्या रेघेपाशी खूण केली. मग मला लावून घेतले, खुर्चीत बसले, आणि मित्रांनो, तेव्हा तो सुस्कारा आला.

या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. पुढची खोली पिशव्यांना पुरेना म्हणून सूनबाईने गल्लीच्या टोकाला एक गाळा घेतला. तिथे पाच बाया काम करतात, मशिनेही पाच आहेत. म्हाताऱ्या शिंप्याचे मशीन मधोमध आहे आणि त्याला महिन्याला तेल मिळते. त्यांच्याकडे टेप आहे, धातूची पट्टी आहे. माझ्यावरची खूण टेबलावर उतरवून घ्यायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. सूनबाईला हे सुचले नसेल असे तुम्हाला वाटते का? जिला अडगळीत माल दिसला, दारात टेबल दिसले, तिला? तरी नवे भेंडोळे आले की पहिला पट्टा मोजायला कोणीतरी गाळ्यातून चालत घरी येते आणि मला ठोठावते.

माझे मागणे फार मोठे नाही, मित्रांनो. तुमच्या घरातल्या एखाद्या दारावर अशा रेघा असतील तर रंग देताना तेवढी कड सोडा. एखादी वस्तू टाकून देण्याआधी तिला एकदा आडवी, एकदा उलटी करून बघा. आणि तुमच्या घरात दाराआड कोणी म्हातारे माणूस एकटे बसले असेल, तर तुमच्याकडे टेप असली तरी ती खिशात ठेवा. काहीतरी मोजायचे आहे असे सांगा आणि दार ठोठावा.